धक्का सोडताना शेवटचा दोर कोणता ठेवायचा?

शिडाची बोट बंदरातून बाहेर पडते ती बहुतेक वेळा इंजिनावर. शिडं बांधलेली असतात, डोलकाठी उघडी असते आणि आत कुठेतरी २५-३० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन धडधडत असतं. काठावरून बघणाऱ्याला हा प्रवासातला सगळ्यात सोपा भाग वाटतो. दोर सोडा, गिअर टाका, चाक फिरवा, चला. पण नवशिक्यांच्या बोटींना ओरखडे पडतात, कठडा वाकतो, शेजारच्या बोटीच्या नांगरात आपलं काहीतरी अडकतं, ते बहुतेक इथेच. भर समुद्रात चूक झाली तर ती निस्तरायला मैलभर पाणी असतं. मरीनामध्ये, म्हणजे छोट्या बोटींच्या बंदरात, मागे-पुढे लागलेल्या दोन बोटींच्या मधून ५-६ टनांचं धूड बाहेर काढायचं असतं, आणि त्याला ब्रेक नसतो.

घोळ होतो तो गाडीच्या सवयीमुळे. रस्त्याकडेला लावलेली गाडी काढताना पुढची चाकं वळतात आणि मागची निमूट त्यांच्या मागून येतात. बोटीचं सुकाणू मागच्या टोकाला असतं. चाक उजवीकडे फिरवलं की आधी पिछाडी डावीकडे फेकली जाते आणि त्यामुळे नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे वळते. पुढे जाणारी बोट साधारण नाळेपासून एक तृतीयांश अंतरावरच्या बिंदूभोवती फिरते. त्या बिंदूच्या मागची दोन तृतीयांश बोट उलट बाजूला झुलते. आता डावी बाजू धक्क्याला लागलेली आहे असं समजा. उजवीकडे चाक फिरवून पुढे निघालात तर पिछाडी धक्क्यावरच दाबली जाणार. जितकं जास्त चाक फिरवाल, तितकी जास्त घासणार.

म्हणून धक्का सोडताना आधी बोटीचं एक टोक बाहेर काढावं लागतं आणि मग त्या टोकाच्या दिशेने निघावं लागतं. कोणतं टोक, हे वारा आणि पाणी ठरवतात. ते बाहेर कसं काढायचं, हे दोर ठरवतो. चार दोरांपैकी कोणता शेवटपर्यंत ठेवायचा, एवढा एक निर्णय बरोबर आला की बाकीचं काम इंजिन आपसूक करतं, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत शिडाच्या बोटी गेटवेसमोर बोयांना, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या गोळ्यांना, बांधलेल्या असतात. बोया सोडून निघणं त्यामानाने सोपं, कारण चारी बाजूंना पाणी असतं आणि बोट आधीच वाऱ्याकडे किंवा ओढीकडे (पाण्याच्या प्रवाहाकडे) तोंड करून उभी असते. त्यामुळे इथे शिडं शिकलेल्या अनेकांची धक्क्याशी पहिली गाठ पडते ती परदेशात, एखाद्या कोर्सला किंवा भाड्याच्या बोटीवर. इथे उदाहरणासाठी मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची हॅम्बल नदी घेतो. साउदॅम्प्टन वॉटरला मिळणारी ही छोटी नदी दोन्ही काठांनी मरीनांनी भरलेली आहे. तिथल्या बोटी पाँटूनांना, म्हणजे तरंगत्या धक्क्यांना, लागतात, भरती-ओहोटीचं पाणी पाँटूनांच्या खालून वाहत असतं, वारा बऱ्याचदा नैर्ऋत्येचा असतो आणि नदीत वेगाची मर्यादा ६ नॉट (ताशी सुमारे ११ किलोमीटर) आहे. बोट घेऊ ३५ फुटी: एक पंखा, एक सुकाणू, पोटाखाली खोल कील, म्हणजे पाण्यात उतरलेलं जड पातं. डावी बाजू पाँटूनला.

पंखा पाणी कुठे फेकतो

सुकाणू म्हणजे पाण्यात उभी धरलेली एक फळी. तिच्यावरून पाणी वाहिलं तरच ती काम करते. उभ्या बोटीत चाक कितीही फिरवा, काही होत नाही.

गिअर पुढे टाकला की पंखा पाणी मागे फेकतो, आणि ते थेट सुकाणूवर आदळतं. म्हणजे बोट अजून हललीही नसली तरी सुकाणूला जोर मिळतो. चाक पूर्ण फिरवून गिअर दोन-तीन सेकंद पुढे टाकला आणि लगेच न्यूट्रल केला, तर बोट जेमतेम हातभर पुढे सरकते पण पिछाडी चांगली बाजूला जाते. हा छोटा झटका हे मरीनामधलं सगळ्यात उपयोगी हत्यार.

गिअर मागे टाकला की चित्र पालटतं. आता पंखा पाणी पुढे, बोटीच्या पोटाकडे फेकतो. सुकाणूवर झोत पडत नाही. बोटीला स्वतःला एक-दोन नॉटचा वेग येईपर्यंत सुकाणू जवळपास निकामी असतं. वेग आला की मात्र ते एकदम पकडतं, आणि तेव्हा चाक सैल धरलं असेल तर हातातून हिसकलं जातं. मागे जाताना चाक दोन्ही हातांनी घट्ट धरायचं ते यासाठी.

शिवाय पंखा फिरता फिरता पिछाडीला थोडं बाजूलाही ओढतो. बहुतेक बोटींचा पंखा पुढच्या गिअरमध्ये मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. रिव्हर्समध्ये तो उलटा फिरतो आणि पिछाडी डावीकडे जाते. पुढच्या गिअरमध्येही हा ओढा असतो, पण तिथे सुकाणू त्याला सहज आवरतं. रिव्हर्सच्या पहिल्या काही सेकंदांत आवरणारं कोणी नसतं, म्हणून तो जाणवतो. पंख्याचा दांडा तिरका खाली गेलेला असेल तर हा ओढा जास्त. सेलड्राइव्हच्या बोटीत, म्हणजे जिथे पंखा बोटीच्या तळातून खाली उतरलेल्या पायाला असतो, दांडा जवळजवळ आडवा असतो, तिथे तो बराच कमी.

आपल्या बोटीचा ओढा कोणत्या बाजूला आहे हे कुणाला विचारायची गरज नाही. बोट बांधलेली असतानाच रिव्हर्स टाका, इंजिन थोडं वाढवा आणि दोन्ही बाजूंनी खाली वाकून बघा. ज्या बाजूने पाणी घुसळून फेस पुढे येतो, त्याच्या विरुद्ध बाजूला पिछाडी जाणार. फेस उजवीकडे, तर पिछाडी डावीकडे. गेटवेहून मांडव्याला लाँचने जाल तेव्हा मागच्या बाजूला उभे राहा आणि तांडेल इंजिन उलटं मारतो तेव्हा पाण्याकडे बघा. फेस बोटीच्या अंगाने पुढे सरकताना स्पष्ट दिसतो.

याचा धक्क्याशी थेट संबंध आहे. डावी बाजू धक्क्याला असेल आणि तुम्ही सरळ मागे निघालात, तर पंखा पिछाडीला धक्क्याकडेच खेचतो. उजवी बाजू धक्क्याला असेल तर तोच पंखा पिछाडीला मोकळ्या पाण्याकडे उचलून नेतो. एकच बोट, एकच वारा, पण कोणत्या बाजूने लागली आहे यावर निघण्याची सगळी रीत बदलते. आदल्या संध्याकाळी बोट लावतानाच सकाळी कसं निघायचं याचा विचार करणारे लोक मला म्हणून आवडतात.

दोर आधीच सांगत असतात

निघण्यापूर्वी पाच मिनिटं इंजिन बंद ठेवून डेकवर उभं राहावं. डोलकाठीच्या टोकावरचा वातकुक्कुट वारा दाखवतो, पण तो वरचा वारा. खाली इमारतींच्या आणि बोटींच्या आडोशात तो वेगळा असू शकतो. शेजारच्या बोटीचा झेंडा बघा. पाँटूनला धरून ठेवणाऱ्या खांबांपाशी पाणी बघा. ज्या बाजूला पाणी चढून येतं तिकडून ओढ येते, आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूला भोवऱ्यांची शेपटी लांबते.

दोघांत कोण जबर आहे? वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा २० झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट. पाणी मात्र हवेपेक्षा ८०० पटींहून जड असतं. त्यामुळे बांधलेल्या बोटीवर एका नॉटची ओढ दर चौरस फुटाला जेवढा दाब देते, तेवढा द्यायला वाऱ्याला ३० नॉटच्या आसपास वाहावं लागतं. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, चालण्याच्याही निम्म्याने कमी वेग. पाण्याकडे बघून तो लक्षात येत नाही, म्हणून फसगत होते. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरात, भांगाच्या दिवसांत मंद, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

वारा बोटीच्या पुढच्या भागाला आधी ढकलतो. कील आणि सुकाणू मध्यावर आणि मागे खोल रुतलेले असतात, नाळ मात्र पाण्यात उथळ असते आणि तिच्यावर गुंडाळलेलं पुढचं शीड असतं. बोट मोकळी सोडली की नाळ वाऱ्यासोबत खाली जाते. उलट, पिछाडी वाऱ्याकडे करून मागे जाणारी बोट बरीच शहाण्यासारखी वागते, कारण नाळेला जायचं असतं तिथेच ती मागून येत असते.

या सगळ्या हिशेबात चुकलं तरी एक साक्षीदार खोटं बोलत नाही, तो म्हणजे बांधलेले दोर. धक्क्याला बाजूने लागलेल्या बोटीला साधारण चार दोर असतात. नाळेचा दोर पुढे जातो, पिछाडीचा मागे जातो. उरलेले दोन तिरके, त्यांना स्प्रिंग म्हणतात. पुढचा स्प्रिंग नाळेवरून निघून मागच्या दिशेने धक्क्यावर जातो आणि बोटीला पुढे सरकू देत नाही. मागचा स्प्रिंग पिछाडीवरून निघून पुढच्या दिशेने जातो आणि तिला मागे जाऊ देत नाही. प्रत्येक दोरावर पाय ठेवून बघा. जो ताणलेला आहे तो बोटीला धरून आहे, जो ढिला आहे तो नुसताच तिथे आहे. ढिला दोर आधी सोडायचा. ताणलेले दोर शेवटच्या खेळासाठी ठेवायचे.

सरकता दोर

शेवटचा दोर धक्क्यावर उभं राहून सोडता येत नाही, कारण तोपर्यंत सगळे बोटीवर असायला हवेत. सुटत्या बोटीवर उडी मारणं हा या छंदातला सगळ्यात निरर्थक धोका आहे. म्हणून हा दोर दुहेरी लावतात: एक टोक बोटीच्या क्लीटला (दोर अडकवायच्या दोन शिंगांच्या खुंटीला), तिथून दोर धक्क्यावरच्या क्लीटला नुसता वळसा घालून परत बोटीवर, आणि दुसरं टोक हाताशी, बोटीच्या त्याच क्लीटला एक वळसा देऊन. सोडायचं झालं की हातातलं टोक मोकळं करायचं आणि दुसऱ्या बाजूने दोर आत खेचायचा.

इथे बारीकसारीक गोष्टी मोठ्या होतात. जे टोक मोकळं करणार त्याला गाठ नको, फास नको, टोकाला जाड शिवण नको, कारण तेवढंच धक्क्यावरच्या क्लीटमध्ये अडकतं आणि ५ टनांची बोट नाळेला बांधलेली राहून गर्रकन फिरते. मोकळं करायचं टोक आखूड ठेवा, म्हणजे क्लीटमधून ओढून काढायची लांबी कमी राहते. दोर कठड्याच्या तारेखालून गेलाय की वरून, हे दोनदा बघा. वरून गेलेला असला आणि ताण आला की तार वाकते. हाताला दोर कधीच गुंडाळायचा नाही, वळसा क्लीटवर द्यायचा, आणि पाय दोराच्या वेटोळ्यात नाही ना ते बघायचं. आत ओढताना दोर पाण्यात लोंबकळू द्यायचा नाही. तो पंख्यात गेला की इंजिन बंद पडतं, आणि तेही नेमकं मधल्या अरुंद वाटेत.

तरंगत्या पाँटूनवर हे सोपं असतं, कारण धक्का बोटीबरोबर वर-खाली होतो. दगडी धक्क्यावर, जिथे मुंबईसारखं उधाणाला पाणी ४-५ मीटर चढतं-उतरतं, तिथे ओहोटीला खुंटा डोक्याच्या वर असतो आणि दुहेरी दोर दिसतो त्याच्या कितीतरी पट लांब लागतो.

तीन सकाळी

सोपी सकाळ: वारा धक्क्यावरून पाण्याकडे. दोर सोडले की बोट स्वतःच बाहेर सरकते. फक्त नाळ आधी पळते, म्हणून नाळेचा दोर पिछाडीच्या दोराच्या किंचित नंतर सोडायचा, नाहीतर पुढचं टोक शेजारच्या पाँटूनकडे निघतं आणि पिछाडी अजून इथेच असते. बोटीच्या रुंदीएवढी मोकळी जागा झाली की मगच गिअर.

मधली सकाळ: ओहोटी सुरू आहे, तुमची नाळ नदीच्या वरच्या दिशेला आहे, आणि ओढ समोरून येते. नाळेचा दोर आणि मागचा स्प्रिंग ताणलेले असतील. शेवटी ठेवायचा तो मागचा स्प्रिंग. बाकी सगळं काढा आणि नाळेला थोडा धक्का द्या. नाळ आणि पाँटून यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं आणि तेच तिला दारासारखी उघडतं. पुरेशी उघडली नाही तर गिअर हळू मागे टाका. बोट स्प्रिंगवर ओढली जाईल, पिछाडी पाँटूनला टेकेल आणि नाळ बाहेर येईल. डावी बाजू लागलेली असल्याने इथे पंख्याचा डावीकडचा ओढा मदतीला येतो. पिछाडीच्या कोपऱ्यावर मात्र चांगला फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून मध्ये टांगायची फुगीर उशी, हवा, सगळा भार तिथे पडतो. नाळ ३०-४० अंश बाहेर आली की गिअर पुढे, स्प्रिंग ढिला पडला की आत, आणि चाक सुरुवातीला जवळजवळ सरळ. लगेच बाहेरच्या बाजूला फिरवलं की पिछाडी पुन्हा धक्क्याला लागते.

ओढ मागून येत असेल तर हेच उलटं करायचं: पुढचा स्प्रिंग शेवटी ठेवायचा आणि पिछाडीने निघायचं.

आता अवघड सकाळ. नैर्ऋत्येचा वारा तुम्हाला पाँटूनवर चिकटवून ठेवतोय, फेंडर चपटे झालेत, आणि पुढे-मागे बोटी आहेत. इथे बरेच लोक हाताने ढकलायला लागतात. पाच माणसांनी जोर लावून मीटरभर फट केली तरी सगळे बोटीवर चढेपर्यंत ती मिटते. पुढचा स्प्रिंग हाच इथला मार्ग.

नाळेवरच्या क्लीटवरून दुहेरी दोर मागे, बोटीच्या मध्याच्या आसपास पाँटूनवरच्या क्लीटपर्यंत. नाळेच्या डाव्या गालावर सगळ्यात मोठा फेंडर, आणि आणखी एक फेंडर हातात घेऊन एक माणूस तिथे उभा. बाकीचे दोर आत. आता इंजिन अगदी मंद ठेवून गिअर पुढे. दोर ताणला जातो, थोडा करकरतो, बोट अडते. चाक पूर्ण डावीकडे, म्हणजे धक्क्याच्या दिशेने. नवशिक्याला हे उलटं वाटतं, पण पंख्याचा झोत सुकाणूवर आदळून पिछाडीला उजवीकडे, मोकळ्या पाण्याकडे ढकलत असतो. नाळ फेंडरवर दबते आणि पिछाडी सावकाश उघडते. वाऱ्यामुळे अडली तर इंजिन थोडं वाढवायचं. घाई करायची नाही, या स्थितीत बोट कितीही वेळ सुरक्षित आहे, दोर आणि इंजिन तिला दोन्ही बाजूंनी धरून आहेत. मला हा सगळा खेळ आवडतो तो याच क्षणासाठी. चिकटून बसलेली बोट कोणताही आरडाओरडा न होता वाऱ्याविरुद्ध स्वतःहून उघडते.

पिछाडी ४५ अंशांपर्यंत किंवा त्याहून जास्त उघडू द्या. पुरेसं झालं असं वाटेल त्याच्या पुढे आणखी थोडं. कारण यापुढे दोन गोष्टी तुमच्या विरुद्ध जाणार आहेत: रिव्हर्स टाकताच पंखा पिछाडीला डावीकडे, परत धक्क्याकडे खेचेल, आणि वेग येईपर्यंत वारा अख्ख्या बोटीला आत ढकलेल. मग न्यूट्रल, क्षणभर थांबायचं म्हणजे गिअरबॉक्सला झटका बसत नाही. चाक सरळ. रिव्हर्स, आणि या वेळी भित्रेपणाने नाही, ठाम. दोर ढिला पडतो त्याच क्षणी नाळेवरच्या माणसाने टोक मोकळं करून दोर आत घ्यायचा.

“पुढचा सोड.”

“सोडला.”

“आत आला?”

“आला, पाण्यात काही नाही.”

शेवटचं वाक्य ऐकल्याशिवाय इंजिन वाढवायचं नाही. बोलणं एवढंच आणि एवढ्याच शब्दांत ठरलेलं असावं. इंजिनाच्या आवाजात आणि वाऱ्यात लांबलचक सूचना पोहोचत नाहीत. कोण कुठे उभा राहणार, कोणता दोर कुणाचा, फसलं तर काय, हे इंजिन सुरू करण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचं. आणि एक गोष्ट दटावून सांगायची: बोट आणि धक्का यांच्या मध्ये हात-पाय घालायचा नाही. ५ टनांची बोट माणसाच्या चालीने आली तरी घोट्याचा चुरा करते. मध्ये घालायचा तो फेंडर. फायबरचा ओरखडा भरता येतो.

फसलंच, तर दोर अजून लावलेला असतो हे विसरू नका. पिछाडी उघडत नाहीये, मागून दुसरी बोट आली, कुणी गोंधळला, काहीही झालं तरी न्यूट्रल करा. बोट परत धक्क्याला लागेल, फेंडर आहेतच. शेवटचा दोर शेवटी सोडायचा तो यासाठीही.

इंजिनाबद्दल थोडं

डिझेल इंजिन सुरू करण्याआधी तेल, पट्टा आणि समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा आहे ना, हे बघायचं. सुरू झाल्यावर लगेच मागे वाकून एक्झॉस्टमधून पाण्याच्या चुळा पडतायत का ते बघायचं. नुसता कोरडा धूर येत असेल तर इंजिन बंद. मुंबई बंदरासारख्या पाण्यात प्लास्टिकची एक पिशवी त्या व्हॉल्व्हच्या तोंडावर चिकटली की एवढं पुरतं. मग बांधलेल्या स्थितीतच गिअर एकदा पुढे, एकदा मागे. दोन्हीकडे बोट दोरावर ताण देते याची खात्री झाली की मगच दोरांना हात. आणि काठावरून येणारी विजेची केबल काढली का? ती विसरून निघणारे जवळपास प्रत्येक मरीनामध्ये सापडतात.

एकट्याने निघताना

२००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. वाटेत ते फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबले. एकट्या माणसापुढे धक्क्यावरचा प्रश्न नेहमी तोच असतो: चाकावर असताना नाळेवर कोण?

उत्तर बोटीच्या मध्यावर असतं. मधल्या क्लीटवरून एक दोर मागच्या दिशेने, पाँटूनच्या क्लीटला वळसा घालून परत, आणि त्याचं मोकळं टोक हात पोहोचेल असं कॉकपिटमध्ये. इंजिन मंद पुढे, चाक धक्क्याच्या उलट बाजूला थोडं फिरवलेलं. बोट त्या एका दोरावर ताण देऊन पाँटूनला अंगभर चिकटून उभी राहते. मग सावकाश चालत जाऊन पुढचे-मागचे सगळे दोर काढता येतात, गुंडाळता येतात. चाक किती फिरवायचं हे बोटीगणिक बदलतं. नाळ बाहेर जाऊ लागली तर कमी करायचं, पिछाडी जाऊ लागली तर वाढवायचं. सगळं आवरलं की न्यूट्रल, मधला दोर मोकळा, आणि निघायचं. वारा धक्क्यावरून पाण्याकडे असेल तर हे फारच छान जमतं. वारा चिकटवणारा असेल तर मात्र एकट्याने हट्ट करू नये, शेजारच्या बोटीवरून कुणाला तरी हाक मारावी. अशा हाकेला मरीनामध्ये नाही म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो.

मोकळ्या पाण्यात

मागे निघताना, दिसेल अशा अंतरात दुसरी बोट असेल तर भोंग्याचे तीन आखूड आवाज द्यायचे. समुद्रावर टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचा अर्थ ‘माझं इंजिन उलटं चालू आहे’ असा आहे. मधल्या वाटेत आलात की आधी दोर आत आहेत ना ते बघा. फेंडर लगेच काढायची घाई नको, वाट अरुंद असेपर्यंत राहू द्या.

त्याच नियमांतली एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात राहत नाही. इंजिनाने बोट चालत असेपर्यंत नियमांच्या दृष्टीने तुमची बोट इंजिनाची बोट आहे, मग वर मोठं शीड चढवलेलं का असेना. शिडाच्या बोटीला मिळणारी मोकळीक इंजिन चालवणं थांबवल्यावरच मिळते. शीड वर आणि इंजिनही चालू, अशा स्थितीत दिवसा पुढच्या बाजूला, सहज दिसेल असा एक काळा शंकू टोक खाली करून टांगायचा असतो. समोरून येणाऱ्याला शीड दिसतं, इंजिन दिसत नाही, म्हणून. बहुतेक बोटींत हा शंकू लॉकरच्या तळाशी पडलेला असतो. दोर तपासता तपासता तोही वर काढून ठेवा.